रॉकवूलचा ५० मिमी स्लॅब: साताऱ्यातल्या जुन्या घराच्या माळ्याला कितपत उपयोगी?

साताऱ्याच्या पेठांमधली जुनी घरे खाली गार आणि वर भट्टी. तळमजल्याला दीड-दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत, वरच्या मजल्याला भेंड्यांची (कच्च्या मातीच्या विटांची) किंवा भाजलेल्या विटांची, आणि माळ्यापर्यंत पोहोचेतो बांधणाऱ्याचा एक तर पैसा संपलेला किंवा उत्साह. दुपाखी छपराच्या टोकाला जी त्रिकोणी भिंत असते ती बहुधा अर्ध्या विटेची, साडेचार इंची. काही घरांत तर तिथे नुसता पत्रा ठोकलेला असतो. अशी भिंत पश्चिमेला तोंड करून असली की एप्रिल-मे महिन्यांत त्या माळ्यावर संध्याकाळी बसवत नाही.

या भिंतीला आतून लावायला कमी खर्चात काय घ्यावे, तर रॉकवूलचा स्लॅब, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या लोकरीची दाबलेली पाटी. ५० मिमी जाड, ४८ घनतेचा (घनमीटरला ४८ किलो). पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण कापला तो मिळण्याच्या कटकटीसाठी, आणि एक कापला तो असा की चुकीच्या पद्धतीने लावला तर हा माल चांगल्या भिंतीचे नुकसान करतो आणि ते दोन पावसाळे कुणाला कळतही नाही.

आधी कुठे लावायचा नाही ते. दीड-दोन फुटी जाड भिंतीला आतून काहीही लावू नका. ती भिंत दिवसभराची उष्णता स्वतःत मुरवून घेते, म्हणून तर खोली गार राहते. तिला आतून झाकले की तो फायदा गेला. शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीलाही गरज नाही, तिच्यावर ऊन पडतच नाही. दक्षिणेच्या भिंतीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १० मेच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस, आणि तिथून ऑगस्ट उजाडेपर्यंत भर दुपारी तो उत्तरेला झुकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागत नाही. मार खाते ती पूर्वेची आणि पश्चिमेची. पूर्वेची भिंत दुपारनंतर निवते, पश्चिमेची संध्याकाळी आत ओकते.

ओकते हा शब्द शब्दशः घ्यायचा. साडेचार इंची वीट बाहेरची उष्णता आत पोहोचवायला तीनेक तास घेते, नऊ इंची सहा-सात तास. चार-पाच वाजता बाहेरून तापलेली अर्ध्या विटेची भिंत सात-आठ वाजता आतून सर्वांत गरम असते. ऊन गेले, वारा सुटला, अजिंक्यताऱ्यावर दिवे लागले तरी माळ्यावर हात लावून पाहा.

आता आकडे. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती वॅट उष्णता जाते, त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. दोन्हीकडून गिलावा केलेल्या साडेचार इंची विटेच्या भिंतीची ती सुमारे २.८ येते, नऊ इंचीची २ च्या आसपास. आतून २५ मिमी मोकळी जागा, लोखंडी चौकटीत ५० मिमी रॉकवूल आणि वर सिमेंटची शीट असा थर दिला की हिशेबाने ०.५५ पर्यंत उतरते. त्या चौकटीतून जी उष्णता पळते ती धरली तर ०.७५ माना. नमुन्यासाठी १८ फूट रुंदीची भिंत घेऊ: कडेला ३ फूट, आढ्याखाली ९ फूट, मध्ये २ बाय ३ फुटांची खिडकी. खिडकी वजा जाता १०२ चौरस फूट, म्हणजे साडेनऊ चौरस मीटर. उन्हाने तापलेली बाहेरची बाजू आतल्यापेक्षा १५ अंशांनी वर धरली तर आज तिच्यातून ४०० वॅट आत येतात, स्लॅब लावल्यावर शंभर-सव्वाशे.

पण त्याच हिशेबातला दुसरा आकडा सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. वर उघडी मंगलोरी कौले असतील, खाली तक्तपोशी (फळ्यांचे अस्तर) नसेल, आणि माळा २० फूट लांब असेल, तर छपरातून येणारी उष्णता या एका भिंतीच्या सात-आठ पट असते. अशा घरात भिंतीवर पैसे घालणे म्हणजे फुटक्या रांजणाला रंग देणे. आधी छपराखाली काहीतरी करा, मग भिंत. तक्तपोशी शाबूत आहे, छपराला आतून थर दिलेला आहे, आणि तरी संध्याकाळी एका बाजूने झळ येते, अशाच माळ्यासाठी पुढचे सगळे.

आणखी एक गोष्ट, रॉकवूल विकणारा सांगणार नाही अशी. भिंतीची बाहेरची बाजू तुमच्या हाताला येत असेल, म्हणजे परड्यात किंवा स्वतःच्याच खालच्या छपरावर उघडत असेल, तर झडीसाठी पश्चिमेला पत्रा मारायची आपल्याकडची पद्धत अजूनही पहिल्या क्रमांकाची आहे. भिंतीवर उभ्या दीड इंची पट्ट्या, त्यावर नालीदार पत्रा, खाली-वर हवेला वाट. ऊन पत्र्यावर थांबते, पाऊसही थांबतो, मधली गरम हवा वरून निघून जाते. दिसायला वाईट, हे मान्य. पण पेठेतल्या बोळात बाहेर परांची बांधायला जागाच नसते, शेजाऱ्याची हद्द लागते, म्हणून आतून काम करावे लागते.

स्पर्धेत असलेला बाकीचा माल असा.

थर्माकोल सर्वांत स्वस्त. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कुठल्याही मोठ्या हार्डवेअरवाल्याला विचारा, मिळेल. आणि उष्णता अडवण्यात तो रॉकवूलच्या तोडीस तोड आहे: ५० मिमीला दोघांचा आकडा जवळपास सारखाच. तरी लाकडी वाड्यात नको. एक, तो पेटतो, वितळून ठिबकतो आणि काळा विषारी धूर करतो. दोन, उंदीर आणि मुंग्या त्यात आरामात बोगदे पाडतात. तीन, फारशी कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट: पीव्हीसीच्या वायरला थर्माकोल चिकटून राहिला तर वायरच्या आवरणाला मऊ ठेवणारे द्रव्य थर्माकोल शोषून घेतो, काही वर्षांत आवरण कडक होऊन तडकते. पेटणारा माल आणि तडकलेली वायर एकाच पोकळीत, तेही सागवानी तुळयांच्या शेजारी. पत्र्याच्या भिंतीला तर मुळीच नको. ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो आणि उन्हातला पत्रा त्याच्या फार मागे नसतो. तरी घ्यायचाच असेल तर १५ घनतेचा, ज्वालारोधक, आयएस ४६७१ छापलेला घ्या. पॅकिंगचा घेऊ नका. १ मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिमीची शीट ३७५ ग्रॅम भरली पाहिजे.

चंदेरी फुग्यांचा रोल, म्हणजे दोन्हीकडे अॅल्युमिनियमचा मुलामा असलेली बबल शीट. तिच्याबद्दल जेवढे सांगितले जाते त्याच्या निम्मेही खरे नसते, पण जे खरे आहे ते कामाचे आहे. तिची सगळी करामत समोरच्या मोकळ्या हवेत आहे. चकाकती बाजू आणि भिंत यांच्यामध्ये २०-२५ मिमी अंतर राहिले तर ती उष्णतेचे किरण परतवते आणि रॉकवूलच्या साधारण एक तृतीयांश काम करते. भिंतीला चिकटवली की काम जवळपास शून्य. पत्र्याच्या त्रिकोणी भिंतीला, हात फारच आखडता असेल तर, ही चालेल. धूळ बसली की चकाकी जाते, म्हणून चकाकणारी बाजू उभी किंवा खाली तोंड करून ठेवायची.

ग्लासवूलचा रोल रॉकवूलपेक्षा स्वस्त पडतो आणि गुणही चांगला. अडचण एवढीच की १२ ते २४ घनतेचा रोल उभ्या भिंतीत स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि वरचा वीतभर भाग उघडा पडतो. छताला ठीक. एक्सपीएसची, म्हणजे थर्माकोलच्याच जातीच्या पण दाट फोमची, गुलाबी-निळी पाटी पाण्याला दाद देत नाही, पण ती महाग, आणि तिची खरी जागा गच्चीवर. फोमची फवारणी जुन्या घरात करूच नका. ती लाकूड आणि वीट कायमची बंद करून टाकते. आत वाळवी लागली तर दिसत नाही आणि फोम खरवडताना गिलावाही निघतो. भाताचे तूस भरून पोकळी बंद करा असा सल्ला अजूनही कुणी देतो; उंदरांना आमंत्रण द्यायचे असेल तर उत्तम.

रॉकवूल या सगळ्यांत पुढे येतो तो तीन कारणांनी: पेटत नाही, उभा राहतो, आणि श्वास घेतो. तिसरे कारण साताऱ्यात सर्वांत मोठे. पश्चिमेच्या झडीने साडेचार इंची वीट जून ते सप्टेंबर ओलीच असते, आणि पावसाळ्यानंतर ती दोन्ही बाजूंनी सुकते. आतून प्लॅस्टिक, फोम किंवा जाड थर्माकोल चिकटवला की एक बाजू बंद झाली. मग ओल वाश्यांच्या टोकांकडे सरकते, भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, लाकूड भुसभुशीत होते. रॉकवूल वाफ जाऊ देतो. मात्र तो स्वतः ओला असेपर्यंत निरुपयोगी, म्हणून भिंतीला टेकता कामा नये. सगळे काम याच एका गोष्टीवर उभे आहे.

खरेदी

साताऱ्यात हा माल दुकानात हारीने मांडलेला नसतो. तो मुळात कारखान्यांचा: बॉयलर, भट्ट्या, साखर कारखान्यांच्या वाफेच्या नळ्या. त्यामुळे बहुधा मागवावा लागतो, आणि वीसेक स्लॅबची ऑर्डर म्हटली की विक्रेता फोनवरच जांभई देतो. दोन-तीन घरांनी मिळून मागवला तर भाडे परवडते. मागताना नेमके शब्द वापरा: रेझिन बॉन्डेड रॉकवूल स्लॅब, आयएस ८१८३, घनता ४८, जाडी ५० मिमी, आकार १००० बाय ६००. ५०० रुंदीचाही येतो, तो घेतला तर चौकटीच्या उभ्या पट्ट्या वाढतात. जाळी शिवलेली एलआरबी (कमी रेझिनची) मॅट्रेस गळ्यात मारतील, ती नको. दुपटीहून जड आणि घराच्या भिंतीला अनाठायी. कारखान्यातून उतरवलेला जुना माल फुकट मिळाला तरी नको. वाफेच्या नळीवर तापून त्यातला चिकटवणारा रेझिन जळालेला असतो, हातात घेतला की भुगा होतो.

घनता खरी आहे का, हे तपासायला वजनकाटा पुरतो. १००० बाय ६०० बाय ५० चा स्लॅब म्हणजे ०.०३ घनमीटर; ४८ घनतेचा असेल तर १ किलो ४४० ग्रॅम भरायला हवा. १,१०० ग्रॅम भरला तर तो ३६-३७ घनतेचा, आणि वर्षभरात वाकणार. एकावर भरवसा ठेवू नका, गठ्ठा तोलून नगांनी भागा. गठ्ठ्याचे प्लॅस्टिक फाटलेले असेल तर परत करा, आतला एखादा तरी भिजलेला निघतो.

आपल्या नमुन्याच्या भिंतीला लागणारे सामान: स्लॅब १८ (नेमके १६ लागतात, त्रिकोणाच्या तिरक्या कापाला दोन जास्त). ४८ मिमीचे जीआय स्टड (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्या) १२ फुटी ५ नग. त्यांना जोडीचे ट्रॅक (स्टडची टोके ज्यांत बसतात त्या पन्हळी) १२ फुटी ४ नग. फायबर सिमेंटची ६ मिमी शीट ८ बाय ४ ची ५ नग, आयएस १४८६२ ची. स्क्रू २५ मिमी, अडीचशेचा पुडा. २५ मिमीची पीव्हीसी कंड्युट नळी ३ मीटरच्या चार, कशाला ते पुढे. पाव इंची भोकांची वेल्डमेश जाळी २५ फूट, एक फूट रुंद.

जिप्सम बोर्ड का नाही? कौलारू छप्पर पावसाळ्यात एखादे तरी कौल सरकून ठिबकतेच. जिप्समला एकदा पाणी लागले की डाग, मग फुगवटा, मग बुरशी. हिरवा ओलरोधक बोर्ड थोडा तग धरतो, इतकेच. सिमेंट शीट जड आहे, ८ बाय ४ ची २४-२५ किलो भरते, सांधे दिसतात, पण पुसली की झाले. फक्त ऑर्डर देण्याआधी जिना मोजा. वाड्याचा भिंतीतला जिना अडीच फूट रुंद, वर काटकोनात वळण, वर झडपेचे दार. त्यातून आठ फुटी शीट वळतच नाही. चौकात कापून चार बाय चार करून न्यावी लागते, आणि मग आडव्या सांध्यामागे जीआयची एक आडवी पट्टी वाढते. कापताना शीट ओली करून उघड्यावर कापा, तोंडाला एन९५ मास्क हवाच. ती धूळ रॉकवूलच्या खाजेपेक्षा वाईट.

कंत्राटदाराशी बोलताना मापाचा प्रश्न पहिल्या दिवशीच मिटवा. फॉल्स सीलिंगवाले चौरस फुटाचा दर सांगतात, पण त्रिकोणी भिंत मोजताना पूर्ण चौकोन धरतात: १८ गुणिले ९, म्हणजे १६२ फूट. खरे माप १०८. दर जीएसटी धरून का सोडून, चौकट त्यात आहे का, माळ्यावर चढवायची हमाली कोणाची, हेही. या कामात लोकरीपेक्षा चौकट-शीट-मजुरीचाच खर्च जास्त असतो, म्हणून लोकरीची जाडी २५ मिमीवर आणून होणारी बचत फसवी आहे. काटकसर करायचीच तर स्लॅबवरचा अॅल्युमिनियमचा मुलामा वगळा आणि रंग स्वतः द्या.

बसवणे

काम जानेवारी ते मार्चमध्ये. दिवाळीनंतर लगेच नको, भिंत आतून ओली असते. खात्री करायला फूटभर चौकोनी प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला दव जमले तर अजून थांबा. त्याआधीच्या जुलैमध्ये खडूने ओलीच्या रेघा आखून ठेवल्या असतील तर सोन्याहून पिवळे. गळती कुठून आहे ते मार्चमध्ये दिसत नाही.

आधी भिंतीची डागडुजी. सुटलेल्या दरजा चुन्याने भरा, १ भाग चुना ३ भाग वाळू. मातीत बांधलेल्या विटेवर सिमेंटचा गिलावा मारला तर तो आपल्या जोरावर उभा राहतो आणि मागच्या भिंतीला सोडून पापुद्र्यासारखा सुटतो. लोणा लागलेला भाग तारेच्या ब्रशने कोरडाच झाडा, धुऊ नका. पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातात. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट बाहेरून बुजवा. अर्धा पाऊस तिथूनच येतो.

मग ओळंबा सोडा. जुनी त्रिकोणी भिंत सरळ नसते. दीड-दोन इंच पोट काढलेले सापडेल. २५ मिमीची मोकळी जागा त्या पोटाच्या सर्वांत पुढच्या बिंदूपासून मोजायची, कडेपासून नाही. तिथून रेघ मारून खालचा ट्रॅक. माळ्याची जमीन फळ्यांची असेल तर ट्रॅक थेट फळीला. कडीपाटावर माती घातलेली असेल तर आधी लाकडी पट्टी, नाहीतर स्क्रू मातीत फिरत राहतात. वरचे तिरके ट्रॅक भिंतीजवळच्या शेवटच्या वाश्याला. वासे वाऱ्याने आणि ऋतूने हलतात, म्हणून उभे स्टड वरच्या ट्रॅकमध्ये १० मिमी आखूड ठेवून नुसते अडकवायचे, स्क्रू मारायचा नाही. मारला तर पहिल्या वळवात शीटला तडा.

आता स्टडमधले अंतर. सगळे काम इथे बिघडते. फॉल्स सीलिंगवाल्याच्या हाताला ६१० मिमीची सवय असते, कारण शीट १२२० ची. पण स्लॅब ६०० चा. ६१० वर स्टड मारले की प्रत्येक स्लॅबच्या कडेला नऊ-दहा मिमीची उभी फट राहते, खालपासून वरपर्यंत. त्या फटीतून गरम हवा फिरते आणि स्लॅब सैल असल्याने हळूहळू खाली सरकतो. स्टड ६०० वर मारा आणि शीटच्या कडेचे २० मिमी कापून टाका. एवढेच, पण मिस्त्रीला ते जिवावर येते. ‘चालतंय की, शीट मारल्यावर कोण बघतंय’ हे वाक्य कानावर आले की टेप स्वतःच्या हातात घ्या.

सुरुवात कडेपासून नको, मधोमध करा. आढ्याच्या ओळंब्यापासून दोन्हीकडे ३०० मिमीवर पहिले दोन स्टड, त्यांच्यामध्येच खिडकी. तिथून पुढे दर ६०० ला. कडेचा शेवटचा गाळा ६४० मिमीचा उरतो, तिथे उंची कमी असल्याने ४० मिमीची चिंधी भरणे सोपे. स्टडच्या उंच्या दोन्ही बाजूंना २५४०, २१४०, १७४०, १३४० आणि ९१४ अशा येतात, आणि गंमत म्हणजे १२ फुटी स्टडमध्ये त्या जोडीने नेमक्या बसतात: २५४० बरोबर ९१४, २१४० बरोबर १३४०, १७४० चे दोन. पाच नगांत सगळे, वाया जाते ते प्रत्येकी वीतभर. ट्रॅकचा सहा फूट तुकडा उरतो तो खिडकीच्या वर-खाली.

स्टड उभे झाले की वायरिंग. माळ्यावर जुनी लाकडी केसिंग-कॅपिंग किंवा कापडी वेष्टनाची वायर असेल तर ती पोकळीत गाडू नका, काढून टाका. नवीन वायर कंड्युटमध्ये, सांधा एकही आत नाही, सगळे जोड बाहेरच्या बॉक्समध्ये. लोकरीत गुंडाळलेली वायर मोकळ्या वायरपेक्षा जास्त तापते, त्यामुळे माळ्यावर कूलर किंवा इस्त्री चालणार असेल तर वायर एक माप जाड घ्या.

त्यानंतर त्या पीव्हीसीच्या नळ्या. २५ मिमी नळीचे सहा-सहा इंची तुकडे करून विटेवर उभे बसवायचे, प्रत्येक स्लॅबमागे चार. स्लॅब मागे सरकून भिंतीला टेकू नये म्हणून ही अडण. उभेच का, तर आडव्या तुकड्यावर पाणी साचून लोकरीत उतरते, उभ्यावरून खाली ओघळते. रॉलप्लग विटेत मारा, दरजेत नाही. मातीच्या दरजेत तो बोटाने निघतो. काही मिस्त्री याऐवजी लाकडाचे ठोकळे सुचवतात. ओल्या विटेला टेकलेला लाकडाचा ठोकळा म्हणजे वाळवीसाठी घातलेली शिडी.

पोकळीच्या तळाला, सर्वांत खालच्या विटेच्या थरात, दर तीन फुटांवर २० मिमीचे भोक बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाडा. आत आलेले पाणी तिथून जाते. वरचे टोक वळचणीकडे आणि आढ्याकडे उघडे राहू द्या. दोन्ही ठिकाणी पाव इंची जाळी लावायची. त्याहून मोठ्या भोकातून उंदराचे पिल्लू शिरते, आणि रॉकवूल खात नसले तरी त्यात घरटे करायला त्यांना काहीच हरकत नसते. वटवाघळांनाही.

स्लॅब बसवताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क. कापायला करवत नको, ब्रेडची दातेरी लांब सुरी आणि खाली सरळ पट्टी. तिरका काप अंदाजाने मारू नका: पुठ्ठ्याचा एक नमुना बनवा, डाव्या बाजूचा उरलेला त्रिकोण उलटा करून उजव्या बाजूला बसतो. वाया जाण्याचे प्रमाण यानेच पंधरा टक्क्यांच्या आत राहते. स्लॅब गाळ्यात दाबल्यावर हात काढला तरी तिथेच राहिला पाहिजे. पडला तर गाळा मोठा आहे, पॅकिंग कोंबून वेळ मारून नेऊ नका. वरच्या निमुळत्या कोपऱ्यात चुरा भरायचा मोह होतो. चुरा सहा महिन्यांत खाली बसतो, तिथे कापलेला अखंड तुकडाच हवा.

शीट मारताना खाली १० मिमी जमिनीपासून वर, सांध्यांत ३ मिमी फट, स्क्रू दर आठ इंचांवर. फटींत अॅक्रिलिक सीलंट. हे दिसण्यासाठी करायचे नाही; लोकरीची कुसळे खोलीत येऊ नयेत म्हणून. लोकर आणि शीट यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद घालायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. तो बर्फाळ मुलखातल्या, आत शेगडी पेटवलेल्या घरांचा नियम आहे. इथे त्याने ओल कोंडते. देवघर, फळी, कॅलेंडर जे काही त्या भिंतीवर टांगायचे असेल त्याच्या उंचीवर शीटमागे प्लायची पट्टी आधीच द्या. नंतर ६ मिमीच्या शीटला खिळा मारला तर तो फळीसकट खाली येतो.

सगळे मिळून खोलीची सव्वातीन इंच जागा जाते, आणि पोट काढलेल्या भिंतीत पाच. बुटक्या बाजूला, जिथे आधीच डोके आपटते, तिथे ती जाणवते. वळचणीखालच्या तीन फूट उंचीच्या लांब भिंतींनाही हाच माल लावावा का, हा पुढचा प्रश्न असतो. त्या बहुधा खालच्याच जाड भिंतीचा वर आलेला भाग असतात आणि वळचणीच्या सावलीत असतात. गरज नाही. तिथे लोक वासे आणि भिंत यांच्यामधली फट फोमने बुजवून टाकतात, ती तर मुळीच बुजवू नये. छपराखालची हवा तिथूनच आत येते. जाळी मारा आणि सोडून द्या.

उपयोग झाला का, हे हात लावून ठरवू नका; शीट विटेपेक्षा हलकी असल्याने हाताला तशीही वेगळी लागते. इन्फ्रारेड थर्मामीटरने काम करण्याआधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा, संध्याकाळी पाच, सात आणि नऊला भिंतीचे आतले तापमान मोजा, त्याच वेळी तक्तपोशीचेही. भिंत उतरली आणि तक्तपोशी तिथेच राहिली तर पुढचा पैसा कुठे घालायचा ते कळले. स्टडच्या रेषा दोन-तीन अंशांनी गरम दाखवतील, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, लोखंड आहे.

एक पट्टी मात्र मिस्त्रीकडून वेगळी करून घ्या. तळाशी, शीटच्या खालच्या नऊ इंचांत, खिडकीखाली एक फूट लांबीचा तुकडा सीलंटशिवाय, चार स्क्रूंवर. पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या अखेरीला, झड लागून दोन-तीन दिवस झाले की तो उघडा आणि मागे हात घाला. भिंत ओली, नळ्या ओल्या, लोकर कोरडी: काम बरोबर झाले. लोकरीचा खालचा काठ ओला लागला तर पाण्याचे भोक बुजले आहे किंवा एखादा स्लॅब भिंतीला टेकला आहे. ओला स्लॅब ओढून काढा, उन्हात दोन दिवस उभा करा, अडण नीट करून परत बसवा. सपाट राहिला असेल तर तोच चालतो, चेपला असेल तर त्या दोन जास्तीच्या स्लॅबपैकी काही उरले आहे का बघा.